एकजुटीची न्याहारी

पक्षाच्या प्रायमरी निवडणुकीत लॉर्ना हापाला ही बाई हरली आणि पुढच्याच शनिवारी तिला एकजुटीच्या न्याहारीला पॅनकेक वाढायला बोलावणं आलं. तिकडे मिनेसोटात हा रिवाजच आहे. पक्षातल्या पक्षात तिकिटासाठी उन्हाळाभर एकमेकांची धुणी चव्हाट्यावर धुवायची आणि निकाल लागला की हरलेल्याने नि जिंकलेल्याने एकसारखे ॲप्रन बांधून चर्चच्या तळघरात शेजारी शेजारी उभं राहायचं. एकाने पॅनकेक उलटायचे, दुसऱ्याने वर पाक ओतायचा आणि फोटोत दोघांनी हसायचं.

लॉर्नाकडे पाकाची ड्यूटी होती.

हरल्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. तिला हवी होती एकच गोष्ट: काउंटीने वीज कंपनी विकत घ्यावी आणि वीज लोकांच्या मालकीची करावी. हिवाळ्यात बर्फाने तारा तुटायच्या, घरातले नळ गोठून फुटायचे. वीज यायला चार-चार दिवस लागायचे, बिल मात्र वेळेवर हजर. जिंकलेल्या डर्क व्होल्डनच्या जाहीरनाम्यात यावर एकच ओळ होती, ‘वीज कंपनीशी संवाद वाढवू.’ बाकीचा जाहीरनामाही तसाच, आजाऱ्याला द्यावी तशी निवळ पेज. न्याहारीनंतर जिल्हा कमिटी बसून या जाहीरनाम्यावर शिक्कामोर्तब करणार होती. लॉर्नाने विजेचा ठराव आणला होता, तो यादीत अगदी शेवटी टाकलेला. आज तो जाहीरनाम्यात गेला नाही, तर दोन वर्षं विषय मिटला.

“तुझा ठराव वाचला मी,” डर्क तव्यावरून नजर न काढता म्हणाला.

“मग?”

“वेगळाच आहे हं.”

तिथला माणूस ‘वेगळाच आहे’ म्हणाला की समजून जायचं. तो तुमच्या तोंडावर दार आपटणार होता, पण आईने वळण चांगलं लावलंय.

“आवडला नाही म्हण की सरळ.”

“तसं कुठे म्हटलं मी? छानच आहे. निवडणूक होऊन जाऊ दे, मग बघू.”

“निवडणूक झाल्यावर जाहीरनामा कशाला लागतो रे? चूल पेटवायला?”

“पाक जरा बेताने ओत. लोकांना शुगर आहे.”

विजेचे चारही तवे कंपनीनेच दिलेले. डर्कच्या डोक्यामागे भिंतभर फलक लावलेला: ‘आम्ही आहोत, म्हणून उजेड आहे.’ खाली कंपनीचं नाव.

तेवढ्यात कमिटीची अध्यक्ष व्हर्ना स्कोग रिकामा कप हलवत आली. ऐंशीची म्हातारी, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. “लॉर्ना, कॉफी संपली गं! कॉफीशिवाय ही माणसं बैठकीला थांबायची नाहीत.”

माणसं गेली तर ठराव कुणापुढे मांडणार? लॉर्नाच्या गाडीत प्रचारातली कॉफीची विजेवरची मोठी टाकी पडून होती. तिचा नवरा टॉइवो ती उचलून घेऊन आला, पण लॉर्नाने वायर हातात घेतल्यावर आडवा आला.

“इथे नको लावू. चार तवे आधीच चालू आहेत. सगळं तळघर एका मेनवर आहे.”

“अख्ख्या प्रचारात तू मला नको-नकोच करत होतास.”

“आणि काय झालं?”

यावर लॉर्नाने रागाने प्लग खुपसला. टाकी गुरगुरायला लागली. काहीच झालं नाही. तिने नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी काही प्रायमरीही तीच जिंकली होती.

बैठक सुरू झाली. जाहीरनाम्याची पेज सगळ्यांनी मुकाट प्यायली. शेवटी लॉर्नाचा ठराव आला. डर्क खुर्चीत मागे रेलून उरलेले पॅनकेक खात होता. लॉर्ना उठली, चष्मा सावरला आणि म्हणाली, “मंडळी, आपल्याला हवी आहे भरवशाची वीज...”

खट्!

तळघराला खिडकी नव्हती. मिट्ट काळोख.

“बघा!” कुणीतरी ओरडलं. “हेच सांगत होती ती बिचारी!”

मग काय विचारता. कुणाचे नळ फुटले होते ते बाहेर आलं, कुणाच्या फ्रीजरमधलं अख्खं हरीण सडलं होतं तेही आलं. जन्मात आवाज न चढवलेली माणसं अंधारात कंपनीच्या नावाने ठणाणा करायला लागली.

टाकीची गुरगुर थांबलीय, हे फक्त दोघांच्या लक्षात आलं.

“मी म्हटलं होतं,” टॉइवो कानात पुटपुटला.

“गप्प बस.”

“तूच गप्प बस. पहिल्यांदाच लोक तुझ्या बाजूने ओरडतायत.”

“शांत व्हा!” व्हर्नाने टेबलावर चमचा आपटला. “मत घेऊन टाकू. ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा.”

“दिसतंय कुणाला, व्हर्ना?”

“मग मोबाईलचा दिवा लावून करा!”

दिवे वर गेले. काही ठरावासाठी. पण व्हर्ना अडखळत मोजत यायला लागली, तेव्हा विरोधातल्या मंडळींच्याने राहवेना. म्हातारी पडेल बिडेल, म्हणून त्यांनीही आपापले दिवे उंच धरले. “सावकाश हं, व्हर्ना. खुर्चीचा पाय आहे तिथे.” व्हर्ना “थँक्यू” म्हणायची आणि दिवा मोजायची.

लॉर्नाला ते ऐकवेना. कंपनीची शंभर पापं होती, पण हे त्यातलं नव्हतं. असं जिंकायचं, तर मग डर्क काय वाईट होता? ती चाचपडत जिन्याखाली गेली, जाता जाता टाकीची वायर उपटली आणि मेनचा खटका वर केला. गेला आपला ठराव, असं मनाशी म्हणतच.

लख्ख उजेड पडला. सगळ्या तळघराचे हात वर होते. डर्कचासुद्धा. मांडीवर सांडलेला पाक शोधायला त्याने मोबाईल उंच धरलेला, तोंडात पॅनकेक. गावच्या पेपरवाल्याने त्याच क्षणी फोटो काढला.

“थांबा!” लॉर्ना ओरडली. “कंपनीची चूक नाही. माझ्या कॉफीच्या टाकीने मेन पाडली. मत पुन्हा घ्या!”

“पुन्हा कशाला?” व्हर्ना म्हणाली. “सगळ्यांचे हात तर वरच आहेत. कुणाला खाली घ्यायचाय?”

आता शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत हात खाली घ्यायचा म्हणजे त्याला तोंडावर नाही म्हणायचं. प्रत्येकजण दुसरा कधी घेतो याची वाट बघत राहिला. दंड थरथरायला लागले. डर्कने कॅमेऱ्याकडे बघितलं, पॅनकेक गिळला आणि हात आणखी वीतभर वर नेला.

“एकमताने मंजूर,” व्हर्ना म्हणाली. “लॉर्ना, आता टाकी लाव आणि तवे बंद कर.”

डर्क घाम पुसत तिच्याजवळ आला. “हे काय होऊन बसलं?”

“एकजूट,” लॉर्ना म्हणाली.

ऑक्टोबरात पक्षाचं पत्रक निघालं. त्यावर डर्कचा तोच फोटो होता, पॅनकेक पुसून काढलेला. खाली लिहिलं होतं: ‘लोकांच्या विजेसाठी पहिला हात डर्कचा.’ घरोघरी वाटायचं काम लॉर्नाकडे आलं. पहिल्याच दारात एका म्हाताऱ्याने ते लांब धरून सावकाश वाचलं.

“याला म्हणतात धडाडी,” तो म्हणाला. “तुम्ही पण प्रायमरीला उभ्या होता ना? मग असं काहीतरी बोलायचं होतं बाई तेव्हा.”

“चुकलंच,” लॉर्ना म्हणाली. “शेजारच्यांसाठी अजून एक देऊ?”