उसे कर

चंदना अजून बोलत नव्हती. तिला ऐकू येत होतं, समजत होतं, हाक मारली की मान वळत होती. पाणी हवं असलं की बोट तांब्याकडे जायचं. शब्द तेवढा यायचा नाही. तिसरं वर्ष संपत आलं होतं. साताऱ्यातल्या वाचा-उपचाराच्या राजेश्वरी मॅडम मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या, "आई-बाबाच म्हणायला हवं असं नाही. कुठलाही एक शब्द चालेल, पण अर्थ कळून, दर वेळी त्याच कामाला वापरलेला. पुढच्या सोमवारी तेवढाही दिसला नाही, तर पुण्याला मोठ्या तपासण्यांना पाठवावं लागेल."

सोमवार जवळ येत चालला होता.

"बोलंल की," शालनआत्ती म्हणायच्या. आमच्यात सासूला आत्ती म्हणतात. "आमचा सन्मती शाळंत जाईस्तवर मुकाच हुता. आता बघ, फोन ठेव म्हटलं तरी ठेवतोय का?"

सन्मती म्हणजे माझा नवरा. तो कोयनानगरला वीज प्रकल्पावर असतो, सुट्टीला पाटणमार्गे घरी येतो. आला की चंदनाच्या समोर बसून "बाबा म्हण, बाबा" असं इतक्या वेळा म्हणतो की चंदना उठून माझ्याकडे येते.

आत्तींचा दुसरा मुद्दा लॅपटॉपचा होता. त्याला त्या डबडं म्हणतात.

"मॅडमनी मोबाईल बंद कराय सांगितला न्हवं? मग त्या डबड्यात काय दावतीस पोरीला?"

"कार्टून नाहीये ते, आत्ती."

"हलतंय न्हवं? मग कार्टूनच."

खरं म्हणजे ते फारसं हलत नाही, आणि मला तेच आवडतं. तो एक जुना गेम आहे. आम्ही लहान असताना सांगलीला माझ्या वडिलांचा, अण्णाप्पांचा, टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटरला गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला, आणि कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीत हा गेम निघाला. संध्याकाळी क्लास सुटला की माझा भाऊ जिनेश आणि मी एकाच स्टुलावर अर्धे अर्धे बसायचो. पडद्यावर एक बंदर, एक खानावळ, एक बंद फाटक. मधे एक मिशीवाला बुटका माणूस उभा. त्याचं नाव आम्ही हंबीरराव ठेवलं होतं, मिशीमुळे. खाली शब्दांची पाटी. आधी शब्दावर क्लिक करायचं, मग वस्तूवर, की हंबीरराव चालत जाऊन ते काम करायचा.

त्या गेममध्ये घाई नव्हती. कोणी मरत नव्हतं, घड्याळ पळत नव्हतं. आम्ही मधेच जेवायला गेलो तर हंबीरराव तिथंच उभा राहायचा. फार वेळ झाला तर एकदा डोकं खाजवायचा, बस.

अडचण इंग्रजीची होती. आमची शाळा मराठी. जिनेशला पाचवीत नुकतं इंग्रजी लागलं होतं, मला तर नुसती अक्षरं यायची. पाटीवरचे बाकीचे शब्द त्यानं डिक्शनरीत शोधले. बघ, घे, दे, उघड, ढकल, ओढ, बोल. एक शब्द मात्र त्यानं शोधलाच नाही, कारण तो त्याला आधीपासून येत होता. यू, एस, ई. उसे.

"हिंदी हाय," तो म्हणाला. "सीरियलमध्ये म्हणत्यात न्हाई का, उसे दे दो. उसे म्हंजे त्याला. आता बघ. उसे, चावी, दार. चावी त्याला, दाराला."

आणि दार उघडलं. यानंतर त्याच्याशी कोण वाद घालणार?

वडिलांनी कधीतरी ऐकलं. "अरं, युज हाय ते युज," म्हणून पोट धरून हसले. आम्ही लाजलो, पण शब्द काही गेला नाही. उलट घरभर पसरला. अडकलेल्या गोष्टीला दुसरी गोष्ट लावून काम काढायचं असलं की आमच्याकडे उसे करायचं. डब्याचं झाकण निघेना, चमचा उसे कर. खिडकी वाजतेय, कागद उसे कर. पुढं पुढं वडीलच आईला म्हणायचे, "आगं, त्या नळाला जरा फडकं उसे कर की." आई सांगलीबाहेर लग्नाकार्याला गेली तरी तिथंही चुकून म्हणायची, आणि बायका तोंडाकडे बघायच्या.

गेम आमचा संपला नाही. फाटकाशी एक कुत्रा बसलेला असायचा. तो आत सोडत नसे. आम्ही त्याला दोरी दिली, कंदील दिला, किटलीचं झाकण दिलं. दर वेळी हंबीरराव मान हलवून एकच वाक्य म्हणायचा. ते वडिलांना विचारलं. त्यांनी टायपिंगचे पेपर तपासता तपासता सांगितलं, "ते चालत नाही म्हणतोय."

चालत नाही! जिनेश आणि मी एकमेकांकडे बघितलं. हे वाक्य आम्हाला पाठ होतं. कांदा चातुर्मासात चालत नाही. दिवेलागणीनंतर जेवलेलं चालत नाही. मध चालत नाही.

"ब्राह्मे," जिनेश मला हळू आवाजात म्हणाला, "हंबीरराव आपल्यातला हाय. जैन."

त्यामुळं खानावळीच्या आढ्याला टांगलेली मांसाची तंगडी, जी कुत्र्याला टाकायची हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, तिच्यावर आम्ही कधी क्लिक केलं नाही. एकदा जिनेशनं आईला विचारून बघितलं होतं. आई पोळ्या लाटत होती. "खोट्यातली असली म्हणून काय झालं? हात तुझाच न्हवं?" ती म्हणाली. मग कॉम्प्युटर बिघडला, क्लास बंद झाला, आणि हंबीरराव फाटकाबाहेर राहिला.

जिनेश आता जतला असतो, पाणी योजनेवर इंजिनियर आहे. यंदाच्या राखीला त्यानं ओवाळणी म्हणून पैशांऐवजी एक लिंक पाठवली. जुने गेम साठवून ठेवणारी कुठलीशी साइट. खाली लिहिलं होतं, "कुत्रा अजून बसलाय बघ."

तेव्हापासून दुपारी आत्ती आडव्या झाल्या की मी लॅपटॉप उघडायची. ठरवलेलं असायचं की चंदना झोपल्यावर. पण ती झोपत नाही, मांडीत येऊन बसते. मग मी खेळता खेळता शब्द मोठ्यानं म्हणायची, जिनेश म्हणायचा तसे. बघ. घे. दोरी घे. उसे, दोरी, खांब. दर शब्दानंतर हंबीरराव सावकाश चालत जायचा. चंदना बोट दाखवायची, मी तिथं क्लिक करायची. तिनं ढगाकडे बोट दाखवलं तर ढगावर. ढगाचं काही करता येत नसे. हंबीरराव म्हणायचा, चालत नाही.

मोबाईलवरची गाणी तिच्यासाठी थांबत नाहीत. हा थांबतो. याचा तिला उपयोग होईल असं मी कुणाला म्हटलं नाही, मॅडमनाही नाही. मला स्वतःलाही ते पटवून घ्यायचं नव्हतं. दुपारचा तो वेळ माझा होता आणि त्यात ती आली होती, एवढंच.

एक बदल मात्र मी पाहत होते. ती घरात वस्तू वस्तूंना लावून बघायला लागली. कंगवा घेऊन पंख्याच्या बटणाला. बशी घेऊन चपलेला. जमलं नाही की थोडी मान हलवायची आणि दुसरं काही आणायची.

शुक्रवारी दुपारी आम्ही खानावळीत पोचलो. तंगडी तिथंच टांगलेली होती. मी जिनेशला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मागं टँकरचा आवाज येत होता.

"खानावळीत आहे मी," मी म्हटलं. "घेऊ का?"

"थांब, थांब." तो बहुतेक सावलीला गेला. "आईला विचारलंस?"

"तीस वर्षांची झाले मी."

"हात तुझाच हाय न्हवं," तो आईच्या आवाजात म्हणाला. मी हसले. मग तो गंभीर झाला. "दुसरं काही असंल गं. आपण बासरी दिली नव्हती त्याला. दिली हुती?"

"बासरी होती?"

"खलाशाकडं. तू लहान हुतीस, तुला आठवत न्हाई. एक सांग, चंदनाचं काय? सोमवारी ना?"

"सोमवारी."

"काय वाटतंय?"

चंदना मांडीवरून उतरून लोखंडी कपाटाशी गेली होती. कपाटात तिचं लाल खोकं ठेवलेलं असतं, आणि कुलूप आत्तींनी लावलं होतं. तिनं हँडल ओढून बघितलं. मग खुंटीखालच्या स्टुलावरचा आत्तींचा किल्ल्यांचा जुडगा उचलला, माझ्याकडे आली, जुडगा माझ्या हातात कोंबला आणि माझा हात धरून कपाटाकडे ओढत म्हणाली,

"उसे."

आवाज जाडसर होता. तिचा आवाज असा असेल हे मला माहीत नव्हतं.

फोनवर टँकर घरघरत राहिला. मग जिनेश म्हणाला, "ब्राह्मे, कोण बोललं?"

"चंदना."

"काय म्हणाली?"

"तू काय ऐकलंस ते सांग आधी."

"उसे," तो म्हणाला. "उसे म्हणाली ती." आणि पुढं बराच वेळ तो नाक ओढत होता. जतला धूळ फार, असं नंतर म्हणाला.

मी किल्ली कुलपाला लावली. कपाटाच्या आवाजानं आत्ती उठून आल्या. चंदना दुसऱ्या, बंद खणाकडे बोट दाखवून पुन्हा म्हणाली, "उसे."

आत्ती दारातच थांबल्या. "ऊस," त्या म्हणाल्या. "आगं बया, ऊस म्हणली पोरगी! ऐकलंस का? ऊस!"

"आत्ती, ऊस नाही, ती..."

"मी काय बहिरी हाय का? ऊस म्हणली. शेतकऱ्याची नात हाय, दुसरं काय म्हणंल?" त्यांनी तिथूनच सन्मतीला फोन लावला, मग नणंदेला, मग शेजारी. संध्याकाळी कुणाकडून तरी उसाची दोन कांडी आली. आत्तींनी सोलून, बारीक गंडेऱ्या करून वाटीत दिल्या. चंदनानं एक तोंडात घातली, थुंकली, आणि वाटी परत केली.

"लाजती," आत्ती म्हणाल्या.

मी रात्री सन्मतीला खरं काय ते सांगितलं. "म्हणजे तो शब्दच नाही," तो म्हणाला. "तुमच्या घरातली चूक आहे ती. मॅडम धरतील का?"

मला तेच माहीत नव्हतं.

सोमवारी सन्मतीला सुट्टी मिळाली नाही. आत्ती माझ्याबरोबर आल्या, नवं लुगडं नेसून. दवाखान्यात बसल्या बसल्या त्यांनी तीन अनोळखी बायकांना ऊस सांगितला. चंदना माझ्या ओढणीचं टोक चावत होती.

मॅडमनी विचारलं, तेव्हा आत्तीच बोलल्या. "ऊस म्हणती, मॅडम. साफ."

"कशाला म्हणते? ऊस बघून?"

आत्तींनी माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात चंदनाला टेबलाखाली लाकडी खोकं दिसलं. आत काही तरी खुळखुळत होतं. कडी घट्ट बसलेली. तिनं बोटानं ओढली, नखानं ओढली, मान हलवली. मग उठून मॅडमच्या हातातलं पेन काढून घेतलं, त्यांच्याच मुठीत परत दिलं, मूठ कडीवर नेऊन ठेवली.

"उसे."

मॅडमनी पेन कडीत घालून कडी वर केली. आतून लाकडी मणी निघाले. त्यांनी खोकं बंद केलं, कडी पुन्हा दाबून बसवली. चंदनानं या वेळी टेबलावरची फूटपट्टी आणली.

"उसे."

"काय म्हणतेय?" मॅडमनी मला विचारलं.

मी सांगितलं. सीडी, पाटी, सीरियल, नळाचं फडकं, सगळं. सांगताना ते फारच वेडपट वाटत होतं. आत्ती माझ्याकडे वळून ऐकत होत्या. मॅडम हसल्या नाहीत.

"हा शब्द आणखी कोणाला कळतो?"

"माझ्या माहेरी सगळ्यांना कळतो."

"आणि हिला कळतो." त्यांनी चंदनाच्या फाईलवर देवनागरीत लिहिलं, उसे, आणि पुढे, वापर. "मग शब्द आहे हा. आणि नाव नाही, क्रियापद आहे. पुणं सध्या राहू दे. दोन महिन्यांनी आणा. बाकीचेही म्हणत चला. बघ, घे, दे, आहेत ना त्या पाटीवर? सगळे म्हणा. आणि घरात सगळ्यांनी."

"तो गेम..." मी म्हटलं.

"मांडीत घेऊन, थोडा वेळ. एकटीच्या हातात नको."

परत येताना पोवई नाक्यावर गर्दीत रिक्षा थांबली, तेव्हा आत्ती म्हणाल्या, "मी सगळ्यास्नी ऊस सांगून बसले."

"असू दे, आत्ती."

"तुझ्या बा-ला कळत हुतं तर त्यानं नीट शिकवायचं न्हाई का तुमास्नी?"

"शिकवलं होतं. आम्हीच सोडलं नाही."

घरी पोचलो. दाराला कुलूप होतं. आत्तींनी कमरेचा जुडगा काढला, किल्ली निवडली, आणि कुलपाला लावता लावता थांबल्या. चंदनाकडे बघितलं. शेजारीण जिन्यातून वाकून बघत होती, "काय म्हणाल्या हो डॉक्टर?" तिला त्यांनी हातानं थांब म्हटलं. गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकल्या आणि जुडगा चंदनासमोर धरला.

"घे. काय ते तुमचं... उसे कर."

चंदनानं किल्ल्यांकडे बघितलं. मग कुलपाकडे. मग आत्तींच्या नव्या लुगड्याचा काठ धरून तोच बघत बसली.

आत्ती तशाच वाकून उभ्या राहिल्या. एकदा त्यांनी डोकं खाजवलं. मी पिशव्या खाली ठेवल्या.