ओळखीचा माणूस

"बाबा, बूट कशाला? चपला घाला. खुर्चीत बसायचंय नुसतं," असं मुलगी दोनदा सांगून गेली, तरी फाटककाका आपले बुटाच्या नाडीशी झटतच होते. नाडीचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते त्यांचंच. शाळेच्या रस्त्यावर त्यांनी तीन वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. दवाखान्यात जायचं झालं तरी ते मागच्या गल्लीतून वळसा घालून जात, आणि कुणी कारण विचारलं तर म्हणत, तेवढंच चालणं होतं. आज त्याच शाळेच्या फाटकाशी, चारचौघांत बसायचं म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

मुलगी आमदार. तिनं मांडलेला शाळा-सुरक्षेचा कायदा आजपासून शाळांत लागू होणार होता आणि त्याची सुरुवात ह्याच शाळेपासून व्हायची होती. पाहुणे येणार, भाषणं होणार, फीत कापली जाणार. काका म्हणाले होते, तुमच्या त्या गर्दीत म्हाताऱ्याचं काय काम. त्यावर ती म्हणाली, तुम्ही आला नाहीत तर लोक म्हणतील, आमदारबाईंनी बापाला लपवलं. मग जरा थांबून म्हणाली, लोकांचं सोडा, मलाच तसं वाटत राहील. आणि जाता जाता, पाठमोरीच, तिनं सांगून टाकलं, "तीसुद्धा येणार आहे." ती म्हणजे कोण, हे दोघांनाही सांगावं लागत नव्हतं. काकांचा सगळा जीव अडकला होता तो तिथंच. त्या बाईच्या डोळ्यांत बघता येईल की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता.

आता, फाटक हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सगळा जन्म शाळेच्या फाटकावर काढला म्हणून पोरं फाटककाका म्हणायची. नव्यानं आलेल्या बाईंना ते आडनावच वाटे. एका बाईंनी तर आपल्या लग्नाची पत्रिका 'श्री. फाटक व परिवार' अशी पाठवली आणि काका नवा शर्ट घालून जेवूनही आले. मुलगी निवडून आली तेव्हा लोक म्हणाले, आता पुरे की काका, बसा घरी आरामात. काका म्हणाले, निवडून ती आलीय, मला कुठं कुणी मत दिलंय? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला फाटकावर हजर.

त्यांची कामाची एक रीत होती. शाळा सुटली की लहान वर्गातलं पोर ते असंच सोडायचे नाहीत. पोराचा हात आपल्या हातात धरायचा, न्यायला आलेल्या माणसाचा चेहरा नीट बघायचा आणि मगच पोराचा हात त्याच्या हातात ठेवायचा. चेहरे त्यांना तोंडपाठ असत. कुणाच्या आत्यानं चष्मा बदलला, कुणाच्या आजोबांनी मिशा काळ्या केल्या, सगळं. एका बापानं दाढीमिशी सफाचट काढली, तर काकांनी त्याला बाजूला उभा करून आधी चार वाक्यं बोलायला लावली. आवाज पटला, तेव्हा पोर दिलं. तो बाप सुरुवातीला चिडला, नंतर हीच गोष्ट गावभर हसत सांगत सुटला. फाटककाकांच्या हातात पोर आहे म्हणजे घोर नाही, असं लोक म्हणायचे, आणि काकांनाही तसंच वाटायचं. जरा जास्तच वाटायचं, असं ते आता स्वतःशी म्हणत.

पोरांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. फार मागं एक होता इंजिन, मग एक भोपळा. आणि अगदी शेवटी एक होती गुणगुणी. ही पोरगी सारखी गुणगुणायची. रांगेत उभी असली तरी, बुटातला खडा काढत असली तरी, रडून झाल्यावर नाक ओढता ओढतासुद्धा. ती काकांचा हात धरायची नाही, अंगठा धरायची, मूठभर. तिला न्यायला माणूस आलं की काका म्हणायचे, अंगठा माझा आहे गं बाई, तो इथं ठेवून जा. ती खुदकन हसायची आणि सोडायची.

त्या दुपारी तिचा बाप आला. नेहमीचाच माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. काकांच्या गुडघ्याची चौकशी करायचा, एकदा तर त्यानं मलमही आणून दिलं होतं. आदल्या रात्री त्याची बायको त्याच्या मारझोडीला विटून, पोरीला घेऊन घराबाहेर पडली होती आणि एका मैत्रिणीकडे राहिली होती, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असावं अशी सोयच नव्हती. बापानं गुडघ्याची चौकशी केली. पोरीनं अंगठा धरून ठेवला. काकांनी अंगठ्याची नेहमीची थट्टा केली, ती हसली नाही. काकांना वाटलं, झोप आली असेल, नाहीतर हट्ट. त्यांनी हसत हसत तिचं एकेक बोट सोडवलं आणि तिचा हात बापाच्या हातात ठेवला.

दोन दिवसांनी बापलेक कालव्यात सापडले.

चौकशी झाली. काकांना कुणी बोल लावला नाही. बापाच्याच तर हवाली केली, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं जो तो म्हणे. लोक ते समजूत घालायला म्हणत, आणि काकांना दर वेळी थोबाडीत बसल्यासारखं होई. अंगठ्याचं मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, मुलीलाही नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला आणि ते घरी आले ते आलेच.

मुलगी मात्र कामाला लागली. तिच्या कायद्यात तीन गोष्टी होत्या. मूल कार्ड बघूनच द्यायचं, मग न्यायला येणारा कुणी का असेना. घर सोडलेल्या आईनं एका ठिकाणी सांगितलं की ते त्याच दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत पोचून बापाचं कार्ड बंद व्हायचं, आणि पोटापाण्याचं होईपर्यंत तिला आधार द्यायचा. आणि अशा आयांसाठी घरं बांधायची. सभागृहातले जाणते लोक तिला म्हणाले, ताई, कार्डाचं आज मंजूर होईल, ते घराबिराचं पुढं बघू. ती हटली नाही. म्हणाली, बाईला रात्री जायला जागाच नसेल तर सकाळी फाटकावर कार्ड बघून काय करायचं? दोन अधिवेशनं तिला ह्याच्या त्याच्या मिनतवाऱ्या करण्यात घालवावी लागली. एकदा समोरच्या बाकावरून कुणीतरी खोचकपणे विचारलं, ते मूल नेमकं कुणाच्या हातून गेलं, हे सन्माननीय सदस्या सांगतील काय? काका घरी टीव्हीसमोर बसले होते. मुलीनं हातातले कागद खाली ठेवले आणि म्हणाली, "माझ्या वडिलांच्या. पुढचं कलम वाचू का?" काकांनी टीव्ही बंद केला आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. मुलीचा राग नव्हता. आपल्यामुळं मान खाली घालायची वेळ आली तरी तिनं ती घातली नाही, ह्याचंच त्यांना फार वाटलं.

शेवटी चपला घालूनच ते गेले. फाटकाला नवा रंग दिला होता. बाजूला माणसापुरतं छोटं दार केलं होतं, आणि टोपी घातलेला एक तरणा वॉचमन छाती काढून उभा होता. भाषणं झाली. मुलगी नेहमीसारखं थोडक्यात बोलली. काका मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर अंग चोरून बसले होते. नजर आपली चपलांवर.

शेजारची खुर्ची सरकली. गुणगुणीची आई येऊन बसली. काकांना उठून जावंसं वाटलं, पण त्यांनी चपला तेवढ्या खुर्चीखाली ओढून घेतल्या. तीन वर्षांत तिचे केस बरेच पिकले होते. कायदा मंजूर झाल्यावर सगळ्यांत आधी बांधलेल्या घरांच्या वसाहतीत तिला खोली मिळालीय, एका शिवणकामाच्या कारखान्यात ती जाते, हे काकांना मुलीकडून कळलं होतं.

"त्या दिवशी सकाळी मी तुम्हाला सांगणार होते," ती हळू आवाजात म्हणाली. "घर सोडलंय, त्याच्याकडे देऊ नका म्हणून. तोंडापर्यंत आलं होतं. मागं माणसं उभी होती. लाज वाटली."

तीन वर्षं काकांच्या छातीवर धोंड्यासारखं बसलेलं होतं, ते बाहेर पडलं. "तिनं माझा अंगठा धरून ठेवला होता. सोडत नव्हती. मीच तिची बोटं सोडवली."

तिनं मान वळवली नाही. टाळ्या वाजल्या, थांबल्या. मग तिनं विचारलं, "गुणगुणत होती का?"

"नाही."

"बाप समोर असला की ती गप्प व्हायची," ती म्हणाली. "ते मला ठाऊक होतं. तुम्हाला कुठून ठाऊक असणार?"

एवढंच ती बोलली. बापाच्याच तर हवाली केली, हे तिनं म्हटलं नाही. काकांच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यांनी ती पुसली नाही. आपल्याला माफी हवी होती की शिक्षा, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. मिळालं ते दोन्हीही नव्हतं. ही बाई आपल्यासारख्याच ओझ्याखाली आपल्याशेजारी बसलीय, एवढं त्यांना कळलं.

फीत कापून पाहुणे चहाला आत गेले. मुलीला माणसांनी गराडा घातला. तेवढ्यात शाळा सुटली. पालक कार्ड हातात घेऊन रांगेला लागले, आणि आतून एक शेंडी उड्या मारत आली. ती मिरची, म्हणजे आमदारबाईंची लेक, काकांची नात, पहिलीतली. आजोबा कधी म्हणून न्यायला यायचे नाहीत, आणि आज चक्क फाटकाबाहेर दिसताहेत म्हटल्यावर तिला आभाळ ठेंगणं झालं. पालकांची कार्डं आधीच वाटून झाली होती, तेव्हा काकांचंही काढू या, असं मुलीनं कितीदा म्हटलं होतं. काकांनीच ते टाळलं होतं.

काका खुर्चीवरून उठून छोट्या दाराशी गेले. वॉचमननं त्यांना बघून दार सताड उघडलं आणि मिरचीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं केलं. "घेऊन जा काका. तुम्हाला काय कार्ड मागायचं?"

काकांचा हात सवयीनं पुढं झाला होता. तो त्यांनी मागं घेतला. "मला ओळखतोस तू?"

"म्हणजे काय काका! ह्याच शाळेतला मी. तुम्ही मला इंजिन म्हणायचा."

काकांनी त्याचा चेहरा नीट बघितला. कानाजवळचा तीळ सापडला. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्यांनी त्याला मिठी मारली असती.

"ओळखतोस ना?" ते म्हणाले. "म्हणूनच देऊ नकोस. दार लाव."

वॉचमनला वाटलं, काका थट्टा करताहेत. तो हसला, पण काकांचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. रांगेतलं कुणी तरी म्हणालं, अहो, आमदारबाईंचे वडील आहेत ते. काका तसूभर हलले नाहीत. वॉचमननं मिरचीला आत घेतलं आणि कडी घातली.

मिरचीचा चेहरा पडला. गजांना नाक लावून ती म्हणाली, "आजोबा, मी तुमचीच आहे ना?"

"माझीच आहेस. आई कार्ड घेऊन येईल, मग जाऊ."

रांग पुढं सरकत राहिली. एकेकानं कार्ड दाखवलं, एकेकाचं पोर बाहेर पडलं. ऊन चांगलंच तापलं होतं. गुणगुणीची आई हळूच येऊन काकांशेजारी उभी राहिली, जशा सगळ्या आया उभ्या होत्या तशी. तिच्या हातात कार्ड नव्हतं. तिला कुणाला न्यायचं नव्हतं.

मिरचीनं थोडा वेळ वाट बघितली, मग कंटाळून गजांमधून हात बाहेर काढला आणि काकांचा अंगठा मुठीत धरला. काकांनी तो तिच्या मुठीत तसाच राहू दिला.