महाराजांची नवी भूमिका

माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं तर आधी त्याचं वजन जोखावं लागतं. महाराजांचं वजन त्या भामट्याने पहिल्याच फोनमध्ये बरोबर जोखलं. "आपल्यासारखा राजा आज शोधून सापडायचा नाही, साहेब," एवढंच तो म्हणाला, आणि आमचे महाराज थेट शेंड्यावर जाऊन बसले.

महाराज म्हणजे कुठले राजे नव्हेत. उभं आयुष्य नाटकांतून राजाची कामं केली, म्हणून सगळी इमारत त्यांना महाराज म्हणायची. त्याच नाटकांत त्यांची बायको विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करायची. तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. महाराजांचा आवाज पहाडी, रुबाब खानदानी, आणि पाठांतराच्या नावाने आनंदीआनंद. मागून बाईंची कुजबुज आली की ती कानातून थेट तोंडात जायची. मध्ये डोक्यात थांबायची सोयच नव्हती. एकदा भर दरबारात प्रधानाची मिशी लोंबायला लागली. बाईंनी विंगेतून प्रधानाला सांगितलं, "मिशी सुटतेय, दाबा!" आणि सिंहासनावरून महाराज गरजले, "प्रधानजी! मिशी सुटतेय, दाबा!" प्रधानाने मुकाट्याने दाबली. त्या प्रयोगातली सगळ्यात मोठी टाळी त्या वाक्याला पडली.

तर हा फोनवरचा गोड गळ्याचा इसम स्वतःला निर्माता म्हणवत होता. सिनेमात म्हाताऱ्या राजाची भूमिका, करार तयार, फक्त नोंदणीची रक्कम तेवढी आधी भरायची. "आणि घरात कुणाला सांगू नका हं, बातमी फुटते." महाराजांनी कुणाला सांगितलं नाही. पण एक कान कामातून गेल्यामुळे ते फोन स्पीकरवर लावून बोलत, त्यामुळे सगळं गुपित स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू येत होतं.

बाई तव्यावरची पोळी तशीच टाकून बाहेर आल्या. बँकेतले ते पैसे त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले होते.

"अहो, खरा निर्माता पैसे देतो, मागत नाही," त्या म्हणाल्या.

"तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही," महाराज म्हणाले, आणि लहान पोरासारखे रुसून बसले.

बाई लंगडत बँकेत गेल्या. काउंटरवरची मुलगी भली होती. "आजी, खातं आजोबांच्या नावावर आहे, त्यामुळे ते गोठवायला त्यांनीच सांगायला हवं," ती म्हणाली. "तोवर एवढंच सांभाळा. मोबाइलवर ओटीपी आला तर तो त्यांनी कुणाला वाचून दाखवता कामा नये."

म्हणजे महाराजांचं तोंड बंद ठेवायचं! ज्या बाईने जन्मभर ते तोंड उघडायची चाकरी केली, तिच्यावर ही वेळ. पण घरचा जिना चढता चढता बाई मध्येच थांबल्या आणि एकट्याच हसल्या. समजावलेलं महाराज कधीच ऐकत नसत. कुजबुजलेलं मात्र त्यांनी कधीही टाळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा बाई खिडकीच्या लांब पडद्यामागे उभ्या होत्या, महाराजांच्या चांगल्या कानाच्या बाजूला.

"साहेब, कोड आला ना? फक्त सहा आकडे वाचा."

महाराजांनी चष्मा चढवला आणि घसा खाकरला.

"आधी आपलं नाव सांगा," पडदा कुजबुजला.

"आधी आपलं नाव सांगा!" महाराज गरजले. आपण हे का म्हणालो ते त्यांना कळलं नाही, पण म्हणताना बरं वाटलं.

निर्माता बावचळला. "साहेब, मी... मी तुमचा निर्माता."

"निर्मात्याने आधी विसार द्यावा."

"निर्मात्याने आधी विसार द्यावा! आणि तो घोड्यावरून पाठवावा!" घोडा महाराजांनी पदरचा घातला होता. रंगात आले की ते तसं करत.

"साहेब, वेळ संपत आलीये," निर्मात्याचा आवाज आता कडक झाला. "तुम्हाला नको असेल तर भूमिका दुसऱ्याला देतो."

हा घाव वर्मी बसला. महाराजांचा चेहरा पडला. "नको, नको, वाचतो की," ते घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "चार..."

बाई घाबरून पुढे झुकल्या आणि सगळा भार दुखऱ्या पायावर आला. "आई गं, गुडघा!"

"आई गं, गुडघा!" महाराज पहाडी आवाजात म्हणाले.

"काय?" निर्माता म्हणाला.

हे वाक्य मात्र महाराजांच्या डोक्यात जाऊन थांबलं. गुडघा? कुणाचा गुडघा? मोबाइल हळूहळू खाली आला. पडद्यामागे बाई तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. पुढचं वाक्य त्यांच्याजवळ नव्हतं.

ते महाराजांनी स्वतःच घेतलं.

"हे पैसे माझ्या बायकोच्या पायाचे आहेत," ते म्हणाले. आवाजात पहाड वगैरे काही नव्हता. "ती मागे उभी राहिली म्हणून मी राजा झालो. ठेव फोन, भामट्या."

पडदा सारून बाई बाहेर आल्या.

"भूमिका नव्हतीच ना?" महाराजांनी विचारलं.

"नव्हती," बाई म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग बाईंनी महाराजांकडून बँकेला फोन करवून खातं गोठवून घेतलं, आणि भामट्याचा नंबर सायबर पोलिसांना कळवून टाकला.

हातातला चहा संपतो न संपतो तोच फोन पुन्हा वाजला. या वेळी नंबर वेगळा होता आणि आवाज एका तरुण मुलीचा होता. "अभिनंदन! आपल्याला मोटार बक्षीस लागली आहे..."

महाराजांनी "एक मिनिट हं" म्हणून फोन उशीखाली दाबला. त्यांच्या डोळ्यांत जुन्या प्रयोगांची लकाकी आली. ते उठले, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून त्यांनी पडद्यामागे नेली, आणि तिच्यावर मऊ गादी ठेवली.

"बसून कर," ते बाईंना म्हणाले. "आणि या वेळी वाक्यं जरा लांब दे."