भिंतीपासून बोटभर

भिंत आणि बोटं यांच्यात फट होती. चांगली बोटभर – आणि फटीत ऊन. गुरुलिंगअप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला, अंगठ्यानं चित्र मागं सरकवलं, पुन्हा पुढं... उमाबाईचा डावा पाय उचललेला, उजवा टेकलेला, आणि हात? हातानं काहीच धरलेलं नव्हतं. शिवा शिवा, ही तर चालतेय!

खुबा मोडल्यापासून एका हातानं भिंत आणि दुसऱ्यानं नवऱ्याचा दंड धरल्याशिवाय ती पाऊल टाकत नव्हती. बीडच्या डॉक्टरांनी चालण्याचा व्हिडिओ मागितला, म्हणून अप्पांनी सकाळी फोन कोनाड्यात लावून चालू केला आणि चष्मा आणायला आत गेले – तेवढ्यात ही बया उठली, ओसरीभर चालली, वाकून टॉवेल उचलला, झटकून दोरीवर टाकला, आणि यांची चाहूल लागताच... भिंत धरली! लबाड कुठली.

त्यांना हसू आलं. उभा जन्म कॅमेरा घेऊन पळत्याच्या मागं गेला – शर्यतीतल्या बैलाचे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात हे जिल्ह्यात पहिल्यांदा दाखवलं ते त्यांनी. ओळीनं कॅमेरे मांडायचे, उमाबाईनं वाटेत दोरे बांधायचे, बैलाच्या पायानं दोरा तुटला की खटका पडायचा. नेकनूरच्या बाजारात ते फोटो बघायला ही गर्दी लोटली, आणि उमाबाई तेवढी म्हणाली, "बैलाचे पाय दिसले तुमाला. माजे कावून दिसत न्हाईत?" त्यावर 'आलोच गं' म्हणून हा गृहस्थ कपिलधारला धबधब्याचं पडतं पाणी टिपायला गेला, तो आठवड्यानं उगवला.

आता मात्र सकाळ-संध्याकाळ दंडावर तिची पकड... सवय तिला नाही, मला लागलीय. आणि डॉक्टरांनी हे पाहिलं, की संपलं.

"काय बगायलाव एवढं?" बाजेवरून उमाबाईनं विचारलं.

"काय न्हाई. बरं आलंय."

"मग द्या की हात."

त्यांनी दंड पुढं केला. ती उठली, जड पाऊल टाकलं – आणि त्यांच्या एकदम मनात आलं, कॅमेरा चालू आहे की बंद हे न कळायला ही काय पाहुणी आहे? म्हणजे विसरली... की मुद्दाम दाखवलं? ती सरळ समोर बघत होती. विचारायची छाती होईना. विचारलं आणि हात सुटला तर? काळजात नुसती धडधड, लग्नातही अशी झाली नव्हती. ओसरीचं टोक जवळ आलं, तसे अप्पाच पावलं आखूड टाकायला लागले.