तिसऱ्या नंबरासाठी

जॉकींची उष्टी-खरकटी काढणं हा माझा धंदा. म्हणजे त्यांची खोगिरं पुसायची, बूट चकचकीत करायचे, रेशमी सदऱ्यांच्या बाह्या मनगटाशी बांधून द्यायच्या, आणि त्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत कोण काय बोललं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडायचं. या कामापायी मी आयर्लंडमधली घोड्यांच्या शर्यतीची सगळी मैदानं पालथी घातली. चिखल सगळीकडे सारखाच. पण त्या फेब्रुवारीतल्या दुपारची किळस काही केल्या धुतली जात नाही.

ब्लॅकबेरी लेन नावाची तांबूस घोडी होती. अंगानं लहान, मनानं खुळी. पळ म्हटलं की पळायची. महिन्याभरापूर्वी तिच्यावर आमचा फिंटन होता. उडी मारून ओलांडायचे शेवटचे दोन अडथळे राहिले असताना त्याला कळलं, की हिच्यात आता काही उरलेलं नाही. त्यानं लगाम खेचला, खाली उतरला आणि तिला चालवत परत आणलं. ट्रेनर हॅकेट सगळ्यांदेखत त्याच्यावर खेकसला, "घोडी पळवायला दिली होती तुला, फिरायला नव्हे!" त्या दिवसापासून हॅकेटनं त्याला एकही घोडा दिला नाही. बाकीच्या ट्रेनरांनीही हात आखडता घेतला. घरात दोन पोरं, बायकोला तिसरं होणार, आणि फिंटन खोगीर काखोटीला मारून मैदानोमैदानी कुणी बोलावतंय का याची वाट बघत बसायचा.

त्या दिवशी घोडी कॅहलला मिळाली. कॅहल तरणाबांड, देखणा, आरशापुढून हलेल तर शपथ. शर्यतीआधी फिंटननं त्याला बाजूला घेतलं.

"हे बघ, बरंच अंतर ती तुलाच ओढत नेईल. मग एकदम हातातल्या लगामाचा ओढा सैल पडेल. पडला की थांबव तिला. ती आपणहून नाही थांबायची. तिला नाही म्हणणं ठाऊकच नाही रे. ते आपण म्हणायचं असतं."

"झालं का प्रवचन, फादर?" कॅहल म्हणाला, आणि सगळी खोली फिदीफिदी हसली.

शर्यत आम्ही टीव्हीवर पाहिली. चिखल इतका, की अर्धे घोडे पडले आणि उरलेल्यांतले बरेचसे जॉकींनी शहाणपणानं बाजूला घेतले. शेवटी राहिले तिघं. दोघं कुठल्या कुठे पुढे, आणि मागे ब्लॅकबेरी लेन. तिची मान ओल्या टॉवेलसारखी लोंबत होती. पाय कुठे टाकतेय ते तिचं तिला कळत नव्हतं. मागे कुणीच नव्हतं, म्हणजे तिसरा नंबर कुठे पळून जात नव्हता. रांगत गेली असती तरी चाललं असतं. तरी कॅहलनं चाबूक उचलला.

"थांबव!" फिंटन टीव्हीकडे बघून ओरडला. "अरे गाढवा, थांबव की!"

"तिसऱ्याचं बक्षीस तुझा बाप देणार का?" मागून कुणीतरी सॉसेज चावत म्हणालं.

शेवटच्या अडथळ्यापाशी तिनं पाय उचललेच नाहीत. छातीनंच त्यात घुसली. मग मैदानावरची माणसं हिरवे पडदे घेऊन धावली. त्या पडद्यांआड मोडलेल्या घोड्याला कायमचं झोपवतात, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. सॉसेजवाल्यानं तेलकट हातानंच छातीवर क्रूस काढला आणि पुढचा घास घेतला.

थोड्या वेळानं कॅहल आला. एक हात छातीशी आवळून धरलेला. दुसऱ्या हातातलं खोगीर त्यानं माझ्यापुढे आपटलं. "घाई कर, डिनी. शेवटच्या शर्यतीत हॅकेटचाच घोडा आहे मला."

"घोडी?"

"गेली बिचारी. पण तिनं काही कळूच दिलं नाही रे. शेवटपर्यंत शूर!"

शूर म्हणे! खोगिराच्या पट्ट्यावर तिच्या घामाचा फेस अजून ओला होता, आणि हा मुडदा तिचे पोवाडे गातोय.

"तुझं खोगीर तूच धू," मी म्हणालो.

"जाऊ दे ना, डिनी, लागलंय त्याला," कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं. घोडीबद्दल मात्र कुणाच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. आणि लागलं होतं ते खरंच. मैदानाच्या डॉक्टरनं गळ्यापाशी हाड मोडलंय म्हणून त्याला शेवटच्या शर्यतीतून काढलं. मग पंचांनी बोलावलं, दमलेली घोडी पळवली म्हणून काही दिवसांची बंदी घातली. तेवढे दिवस हाड जुळायला लागणारच होते. म्हणजे फुकटात शिक्षाही भोगून झाली.

आणि मग दारात हॅकेट उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत त्याच्या तबेल्याचा हिरवा-पिवळा सदरा. त्याची नजर बाकावरून फिरत फिरत एका जागी थांबली.

"फिंटन, मोकळा आहेस?"

माझा हात बुटावरच थांबला. मला वाटलं, आता बोलेल. महिनाभर उपाशी बसून जे साठवलंय ते सगळं याच्या तोंडावर फेकेल. मला ते ऐकायचं होतं. त्यासाठी जीव तळमळत होता माझा.

"आहे, बॉस," फिंटन म्हणाला.

"आज फिरायला जायचं नाही."

"नाही, बॉस."

त्यानं सदरा अंगात चढवला आणि दोन्ही मनगटं माझ्यापुढे धरली. माझ्याकडे पाहिलं नाही. कॅहलला ठणकावणारा मी, मुकाट्यानं त्याच्या बाह्या बांधू लागलो. मला त्याची किळस आली, आणि गाठ नीट बसावी म्हणून ती पुन्हा सोडून बांधणाऱ्या माझ्या हातांचीही.

"घोडा कसा आहे, बॉस?" त्यानं विचारलं.

"अरे, फार गुणी," हॅकेट खुशीत म्हणाला. "नाही म्हणणं ठाऊकच नाही त्याला."

फिंटननं मान हलवली, हेल्मेट डोक्यावर बसवलं आणि पट्टा हनुवटीखाली अडकवला.