अर्ध्या ओवीची वही

जरा हळू उघडा. मी वही बोलतेय. शंभर पानी, एकरेघी, वयानं पंचविशी ओलांडलेली. मधल्या पिना गंजल्यात, पानं पिवळी पडलीत, आणि पाठीवरचा हा कापडी पुठ्ठा काही माझा मूळचा नाही.

मला काळजी करायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकते. पाणी, विस्तव, वाळवी, रद्दीवाला आणि होड्या करणारी पोरं, इतके वैरी असल्यावर कागदानं निवांत कसं राहायचं? पण माझी सगळ्यात मोठी काळजी एका ओळीची होती. माझ्यातल्या एका पानावर एक ओवी अर्धी राहिली होती. ती पुरी होण्याआधी माझं काही बरंवाईट झालं तर काय, ही धास्ती घेऊन मी जगले.

मला शिवप्पांनी निलंग्याच्या बाजारातून आणलं ते १९९३ च्या जूनमध्ये. तेरणेच्या काठी त्यांचं गाव, दगडमातीच्या जाड भिंतींचं घर. घरात बायको चतुराबाई, सातवीतली मुलगी शिवकांता आणि सहा वर्षांचा शिवमूर्ती. शिवमूर्ती बहिणीला आक्का म्हणायचा. मी आले होते खरं तर भूगोलासाठी. शिवकांतानं मला ओव्यांसाठी धरलं.

गावात गिरणी आली होती, तरी चतुराबाई डाळ मात्र घरच्या जात्यावरच भरडायची. जातं फिरायला लागलं की ओवी सुरू व्हायची. शिवकांता शेजारी पालथी पडून भराभर लिहायची.

"लिवून काय करायचं गं?" चतुराबाई विचारायची. "ओवी तोंडात ऱ्हाती."

"तोंडातली इसरती, आई."

तिच्या ओव्यांत देव थोडे आणि घरची माणसं फार. नवऱ्याचं नाव तेवढं ती घ्यायची नाही, बाकी सगळे नावानिशी यायचे. ओवीत ज्याचं नाव गुंफलं त्याचं आयुष्य वाढतं, असं तिचं पक्कं म्हणणं होतं. शिवकांतानं ते मनावर घेतलं आणि ती स्वतःही जोडायला लागली:

माझ्या गं अंगणात शेंगांचा ढीग वाळं
धाकला शिवमूर्ती फोलपटांशी खेळं

मला ती फार आवडते. या पानावर अजून शेंगेच्या तेलाचा एक डाग आहे.

सप्टेंबरात गणपती बसले आणि महिनाअखेरीस उठले. विसर्जनाच्या संध्याकाळी शिवकांता मला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं नव्या पानावर ओळ लिहिली:

शिवमूर्ती बंधू माझा, दारात उभा राही

पुढच्या ओळीसाठी ती जराशी थांबली, पाणी प्यायला उठली. तेवढ्यात शिवमूर्तीनं तिचा पेन उचलला आणि ओळीखाली एक उंदीर काढला. पोट गोल, कान पानाबाहेर, आणि शेपटी थेट खालच्या पिनेपर्यंत.

शिवकांता परत आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "अरे, नवं पान खराब केलंस!"

"गणपती गेला न्हवं आक्का," तो म्हणाला, "उंदीर तरी इथं ऱ्हाऊ दे की."

"जा. तुझी ओवी आता न्हाईच लिहिणार मी."

तिनं मला मिटलं आणि दप्तरात कोंबलं. तो हिरमुसला होऊन दारात जाऊन उभा राहिला. दोघं न बोलताच झोपले.

त्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, जमीन हलली. मी जास्त सांगणार नाही. मला दिसलंही नाही. मी दप्तरात होते आणि दप्तरावर भिंत होती. नवव्या दिवशी शिवप्पांना माती उपसताना दप्तराचा बंद दिसला. तोवर चतुराबाईला आणि शिवमूर्तीला निरोप देऊन झाला होता. जात्याच्या दोन दगडी तळ्या काही सापडल्या नाहीत.

पत्र्याच्या शेडमध्ये शिवकांतानं मला एकदाच उघडलं. उंदराचं पान आलं तशी तिनं मला मिटलं. त्यानंतर तिच्या तोंडून ओवी आली नाही, ना शेडमध्ये, ना नव्या गावठाणात, ना लग्न होऊन निलंग्याला गेल्यावर. तिनं मला धोतराच्या फडक्यात बांधलं, कडुनिंबाचा पाला घातला आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. तिनं मला टाकलं नाही आणि उघडलंही नाही. मी अंधारात पडून वाळवीची चाहूल घेत राहिले. मला रोज वाटायचं, ओवी अर्धी आहे, त्याला वाटत असेल आक्का अजून रागावलीय.

ट्रंक उघडली ती तिच्या मुलीनं, शिल्पानं. बारावीचं वर्ष, डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लास लावलेला, हॉस्टेलला न्यायला जुनी चादर शोधत होती. हाती मी लागले. उकिडवी बसून तिनं मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ज्या आजीचं आणि मामाचं घरात कुणी नावही घेत नव्हतं, ती दोघं तिला त्या दुपारी माझ्यात भेटली. आईला न विचारताच तिनं मला बॅगेत टाकलं. मी घाबरून गेले. चोरीचा माल झाले ना मी!

लातूर म्हणजे काय सांगू! गल्लोगल्ली क्लास, प्रत्येक भिंतीवर मागच्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो, आणि त्यांच्याखालून माना खाली घालून जाणारी पोरं. त्यांना दर आठवड्याला परीक्षा. हॉस्टेलच्या मॅडम कॉटखाली वाकून बघायच्या. अभ्यासाचं सोडून काही सापडलं की जप्त. म्हणून शिल्पानं माझ्यावर क्लासचं गुळगुळीत कव्हर चिकटवलं: "जीवशास्त्र, भाग दोन". त्या वेषात मी तिच्या टेबलावर राहू लागले. कुणी हात लावला की माझी पानं गार पडायची.

आणि ती माझ्या कोऱ्या पानांवर लिहायला लागली. आजीसारखी ओवी तिला जमायची नाही. तिच्या ओळी लहान आणि मोकळ्या होत्या, पण एकीला एक लागून त्यांची गोष्ट होत होती, घरची सगळी गोष्ट:

आई दाराजवळ झोपते.
आम्ही कधी विचारलं नाही.
रस्त्यानं ट्रक गेला की भांडी वाजतात
आणि आई आमचे पाय मोजते.
बाबांचे दोन, माझे दोन.
मग ती कूस बदलते.

अर्ध्या ओवीपाशी मात्र ती थांबायची. पेन टेकवायची, उचलायची. "ही माझी न्हाई," असं पुटपुटून पान उलटायची.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. शिल्पा जीवशास्त्राच्या परीक्षेत सारखी पहिली येत होती, त्यामुळे तिच्या नोट्सना मागणी. तिची मैत्रीण तूबा. तिच्या अब्बांचं, अजीजभाईंचं, क्लासच्याच चौकात झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान. एका शुक्रवारी तूबा नोट्स न्यायला आली तेव्हा शिल्पा अंघोळीला गेली होती.

"टेबलावरचे दोन्ही भाग घेऊन जा गं!" ती आतून ओरडली.

खरा भाग दोन बॅगेत होता. टेबलावर मी होते. तो सकाळीच बॅगेत टाकल्याचं ती विसरली होती.

दुकानात गर्दी उसळलेली. रविवारी सकाळी परीक्षा, चाळीस जणांना नोट्स हव्यात. अजीजभाईंनी माझ्या पिना काढल्या आणि मी सुटी सुटी झाले. एकेक पान यंत्रात ओढलं जाऊ लागलं. मी मनात ओरडत होते, अहो, वाचा तरी! पण झेरॉक्सवाला वाचत बसला तर रांग कधी सरणार? शिवाय अजीजभाईंची शाळा उर्दूतली. एकदाच त्यांची नजर थबकली, उंदरावर. "जीवशास्त्रच हाय," म्हणाले, "उंदीर आला." आणि पुढचं बटण दाबलं.

तेच पान सगळ्यात जास्त हाताळलेलं, घडीवर विरलेलं. छाप उमटली आणि ते यंत्राच्या रुळात अडकलं. अजीजभाईंनी हळूच ओढलं, मग जोरात ओढलं. हाती आले ते काळे झालेले तुकडे. ते टोपलीत गेले.

शिवमूर्तीनं हातानं काढलेला उंदीर गेला. मी पंचवीस वर्षं ज्याची भीती बाळगली ते भर दुपारी, चाळीस गिऱ्हाइकांच्या गलक्यात घडलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला पुन्हा पिना मारल्या गेल्या. मी एका पानानं हलकी झाले होते.

चाळीसही प्रती संध्याकाळपर्यंत गेल्या. पुढच्या अर्ध्यात खरा भाग एक, मागच्या अर्ध्यात मी.

शनिवारी क्लासमध्ये कुणीतरी शिल्पाला म्हणालं, "तुझी आई खरंच पाय मोजती का गं?" तिथं तिला सगळं कळलं. ती दुकानात पळत आली, मला उलटसुलट चाळलं, आणि उंदराचं पान दिसेना तेव्हा पुन्हा पहिल्यापासून चाळलं.

"उद्या आई येणार हाय, तूबा. डबा घेऊन. उद्या तीस तारीख."

तीस सप्टेंबर म्हणजे जमीन हलली ती तारीख. त्या दिवशी शिवकांता घरी थांबत नसे. कुठंतरी जाऊन यायची, आणि या वेळी लेकीकडे येणार होती.

"न सांगता झाकून ठेवू का?" शिल्पा रडत म्हणाली. "तिला काय दाखवू मी? मामाचं तेवढंच होतं."

अजीजभाईंचा चेहरा उतरला. "बेटा, गलती माझी हाय. मी बघून घ्यायला पाहिजे होतं." त्यांनी टोपली ओतली, गल्लीतला कचऱ्याचा डबाही पालथा घातला. घंटागाडी सकाळीच येऊन गेली होती. मग त्यांनी दुकानावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: "जीवशास्त्र भाग दोन चुकीचा गेला हाय. परत आणून द्या, खरा घेऊन जा."

रविवारची परीक्षा संपेपर्यंत सव्वीस प्रती परत आल्या. बहुतेक पोरं कुरकुरत देत होती. एकटी उमरीची एक मुलगी अडून बसली. "हा पण ठेवू द्या ना. मी दोनदा वाचलाय." शेवटी तिनंही दिला.

शिल्पानं नावगाव लिहिलेली एकेक प्रत उघडून उंदराचं पान शोधलं. आणि तिचा हात थांबला. ओवीची दुसरी ओळ प्रतींमध्ये कोरी नव्हती.

लातूरच्या पोरांना रिकामी जागा सोडायची सवयच नाही. वर्षभर त्यांच्याकडून एकच घोटून घेतलेलं असतं, काहीही येवो, जागा भरा. त्यांनी भरली होती. एकानं पेन्सिलनं लिहिलं होतं, "केमिस्ट्रीचा पेपर अवघड, काही सुचत नाही." कंधारच्या एका मुलानं लिहिलं होतं, "डबा घेऊन कोण आलं, चौकात जाऊन पाही." आणि उमरीच्या त्या मुलीनं:

शिवमूर्ती बंधू माझा, दारात उभा राही
ताई गेली लातूरला, तो तिची वाट पाही

तेवढ्यात शिवकांता लेकीला शोधत दुकानात आली. हातात डबा, पदर घामानं ओला. लेकीचे डोळे बघून तिनं आधी तिच्या पायांकडे पाहिलं. मग समोर मी दिसले, कव्हर निघालेली, आणि तिनं मला ओळखलं.

शिल्पानं काही लपवलं नाही. ट्रंकेपासून टोपलीपर्यंत सगळं एका दमात सांगितलं. अजीजभाई हात जोडून उभे होते. मला वाटलं, आता ही मला मिटणार आणि कायमची मिटणार.

शिवकांतानं झेरॉक्सचं ते पान उजेडात धरलं. उंदीर होता, काळा, थोडा फिकट, शेपटी खालपर्यंत. तिनं शेपटीवरून बोट फिरवलं.

"लई लांब काढली होती त्यानं," ती म्हणाली. "एवढ्यासाठी मी त्याच्याशी बोलले न्हाई, शिल्पा. एवढ्याशा शेपटीसाठी." ती रडायला लागली. तूबानं स्टूल पुढं सरकवलं. बऱ्याच वेळानं शिवकांतानं पोरांच्या ओळी वाचल्या. केमिस्ट्रीच्या ओळीला तिला रडतारडता हसू आलं.

"ही कोण पोरं हायत गं? ह्यांनी पुरी केली, आणि मला पंचवीस वर्सं जमलं न्हाई. पेन दे."

एक प्रत कोणी काही न लिहिलेली होती. त्या पानावर, उंदराच्या वर, तिनं सातवीतल्या मुलीसारख्या गोल अक्षरांत लिहिलं:

पंचवीस वर्सं सरली, आक्काला झोप नाही

लिहिलं आणि हलक्या आवाजात, झेरॉक्सच्या घरघरीत, तिनं ती ओवी दोन्ही ओळींनी म्हटली. चाल चतुराबाईची होती. मी ती ताबडतोब ओळखली.

ते पान अजीजभाईंनी स्वतः माझ्यात शिवलं आणि हा कापडी पुठ्ठा बांधला. शिल्पा आता उदगीरला जनावरांची डॉक्टर होतेय. सुट्टीला आली की माझ्या उरलेल्या पानांवर पुढची गोष्ट लिहिते, आणि आई शेजारी बसून ओळी दुरुस्त करते. मी आता निलंग्याच्या घरात फडताळावर असते, ट्रंकेत नाही. शिवकांता अजूनही दाराजवळच झोपते. ट्रक गेला की उठते. पण आधी ती कधीकधी ओवी म्हणते, मग पाय मोजते.

माझी खोड काही गेली नाही. झेरॉक्सची शाई विटते म्हणतात, त्याची काळजी वाटते. आणि त्या चौदा प्रती अजून परत आलेल्या नाहीत. कुठल्यातरी घरच्या माळ्यावर, जुन्या नोट्सच्या गठ्ठ्यात असतील, रद्दीची वाट बघत.

तुमच्याकडे असली तर परत करू नका. फक्त मागचा भाग उघडा आणि उंदराच्या पानावर बघा. ओळ कोरी असली तर तुमच्या घरच्या कुणाची तरी आठवण काढून भरून टाका. पोरगं फार दिवस दारात उभं आहे, त्याला आत घ्या.