धूळ न गळणारी पेटी

मु-त्साईच्या अंत्यविधीला को हाय-लुंग आला, उदबत्ती लावली, तीनदा वाकला आणि बाहेर पडताना मांडवाच्या तोंडाशी उभा राहून चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माणूस सोन्यासारखा, पण सिगारेट काही सुटली नाही हो त्याची."

आत बसलेल्या बी-युनच्या कानावर ते पडलं. तिने मान वर केली नाही, पण रडणं मात्र तिथेच थांबलं. तिच्या नवऱ्याने जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता. तो सुपारीचा विडा खायचा, त्याने ओठ लाल व्हायचे, आणि त्यावरून ती त्याच्याशी रोज भांडायची. सिगारेट नाही. हे को शेठला माहीत होतं. त्याच्या कारखान्यात सिगारेट ओढणाऱ्याला तो स्वतः हाकलून लावायचा, कारण शेजारी रंगाचे डबे असत.

लुगांग शहराच्या बाहेरच्या त्या गावांमध्ये घरोघरी पाण्याचे नळ बनतात. कुणी ओततं, कुणी घासतं, कुणी मुलामा चढवतं. कोच्या कारखान्यात ओतीव नळ यायचे ते वाळूच्या माऱ्याने साफ व्हायला. लोखंडी पेटी, समोर काच, हात घालायला दोन भोकं, आत हवेच्या जोराने वाळू फेकणारी बंदूक. भोकांचे रबरी हातमोजे फाटून कधीच गेले होते. तिथे गोणपाट लावलं होतं. दार बसायचं नाही, म्हणून तारेने बांधलेलं. आणि आत फेकायला खरं तर काचेचे बारीक मणी वापरायचे असतात, पण को समुद्रकाठची वाळू आणायचा. ती फुटून पिठासारखी व्हायची आणि फटीफटीतून बाहेर यायची. मु-त्साई संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. बी-युन हसून म्हणायची, "आज पण म्हातारा होऊन आलास?"

शेवटी शेवटी तो अंथरुणावरून मोरीपर्यंत जाताना दोनदा बसायचा. डॉक्टरने छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं होतं, फुफ्फुसं आतून दगड झालीत, हा वाळूचा आजार. चौकशीला सरकारी माणसं आली तेव्हा कोने कुणाकडून तरी नवी चकचकीत पेटी उसनी आणून ठेवली होती. वाळूची पोती मागच्या डुकरांच्या गोठ्यात. माणसं चहा पिऊन गेली.

बी-युनने कोर्टाचा विचार केला आणि सोडून दिला. उसन्या पेटीपुढे तिचं कोण ऐकणार? पण मांडवातलं ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. भात शिजवताना, कपडे वाळत घालताना ते पुन्हा पुन्हा ऐकू यायचं. त्याने माणूस तर नेलाच होता, वर मेलेल्याच्या माथी दोषही मारला होता.

महिनाभराने आ-गेन तिच्याकडे आला. तो कोकडेच कामाला होता, मु-त्साईच्या शेजारच्या पेटीवर. पिशवीतून शिंपल्यांची भजी काढून त्याने टेबलावर ठेवली आणि बसल्या बसल्या खोकू लागला.

"कधीपासून?" बी-युनने विचारलं.

"काय कधीपासून?"

"मला बनवू नकोस. हा खोकला मी सहा वर्षं ऐकलाय."

आ-गेनने भजं उचललं आणि परत ठेवलं. "वहिनी, जाणार कुठे? मला दुसरं काय येतं? आणि शेठ आता मोठा माणूस झालाय. देवळाच्या समितीवर घेतलंय त्याला. देवळातलं सगळं पितळ साफ करायची सेवा तो करणार, फुकट. नव्या खांबावर नाव कोरणार आहेत त्याचं."

"पितळ त्याच्या कारखान्यात नेणार?"

"छे. देवाच्या वस्तू आवाराबाहेर काढत नाहीत. पेटीच देवळात आणणार आहे. रंग देऊन."

 बी-युनने त्याच्यापुढची भजी आपल्याकडे ओढली आणि खायला सुरुवात केली. नवरा गेल्यापासून तिला पहिल्यांदाच अशी भूक लागली होती.

लग्नाआधी बी-युन सायकलच्या कॅरिअरच्या कारखान्यात वेल्डिंग करायची. हात अजून विसरला नव्हता. भंगारवाल्याकडून तिने शाळेतलं जुनं लोखंडी कपाट आणलं, आडवं केलं, खाली पत्र्याचं नरसाळं जोडलं म्हणजे फेकलेले मणी घरंगळून परत बंदुकीच्या नळीपाशी येतील. पुढे दोन गोल भोकं पाडली, त्यात खांद्यापर्यंतचे जाड रबरी हातमोजे पट्ट्यांनी आवळून बसवले. वर तिरकी काच, आत दिवा. हवेचा पंप तिने मु-त्साईची मोटरसायकल विकून घेतला. मोटरसायकल ओढून नेताना ती बघत उभी राहिली नाही. आत जाऊन पत्रा कापत बसली.

पहिल्या दिवशी पेटीने तिला रडवलं. काच पाहता पाहता दुधासारखी झाली, आतलं काही दिसेना. मग काचेवर आतून प्लास्टिकचा पातळ कागद लावला, खराब झाला की बदलायचा. समुद्रावरच्या दमट हवेने मणी ओले होऊन बंदूक गुदमरायची. पंपाच्या नळीवर पाणी अडवणारी बाटली बसवली. धूळ ओढून घ्यायला तिने झाडलोटीचं मोठं यंत्र जोडलं, पत्र्याच्या पिंपातून, म्हणजे जड धूळ पिंपातच बसेल आणि बारीक धूळ यंत्राच्या दाट गाळणीत अडकेल. ते सुरू केलं तर दोन्ही हातमोजे आत ओढले जाऊन फुग्यासारखे ताठ झाले. जणू आत कुणीतरी बसून तिला हात मागत होतं. ती दचकली, मग स्वतःवरच चिडली. मागच्या बाजूला जाळी लावून हवा आत यायला एक खिडकी ठेवली, तसे मोजे मऊ पडले.

आ-गेन सुट्टीच्या दिवशी येऊन बघायचा. "वहिनी, एवढं कशाला? दारावर तार बांधली तरी चाललं असतं."

"तार बांधूनच तर मेला तो."

दाराला तिने चारी बाजूंनी रबराची पट्टी चिकटवली. मग मु-त्साईच्या फोटोपुढची उदबत्ती पेटवून घेतली, ओढणारं यंत्र सुरू केलं आणि ती उदबत्ती पेटीच्या प्रत्येक सांध्यावरून हळूहळू फिरवली. जिथे फट होती तिथे धूर आत खेचला जायचा. तिथे खडूने फुली मारायची, बंद करायचं, पुन्हा फिरवायचं. अशी एक जुडी संपली. शेवटी धूर कुठेच वळेना, सरळ वर जायला लागला.

"आता?" आ-गेनने विचारलं.

"आता देवळात."

देवळाच्या समितीचे प्रमुख चुआंग आजोबा. नव्वदीला आलेले, पण चहाची किटली अजून स्वतःच्या हाताने ओतायचे. बी-युन त्यांच्यापुढे जाऊन वाकली. "आजोबा, मलाही सेवा करायची आहे. नवऱ्याच्या नावाने."

को तिथेच बसला होता. हसला. "वहिनी, हे काम बायकांचं नव्हे. यंत्र कुठून आणणार?"

"बांधलंय."

"घरी?" त्याने इतरांकडे पाहिलं. "घरी काय बांधलंय, भात शिजवायचं भांडं?"

लोक हसले. बी-युनही थोडी हसली. "शेठ, घोडामैदान जवळच आहे."

देवळातल्या वांगये देवाच्या पायरीवर पितळी ड्रॅगनची जोडी होती, हातभर लांब, धुराने काळी पडलेली. चुआंग आजोबांना वाद नको होता. ते म्हणाले, "डावा को करील, उजवा बी-युन करील. देव दोघांचाही आहे."

त्या दिवशी सकाळी आवारात माणूस मावत नव्हता. सणाची तयारी सुरू होती, बायका पुठ्ठ्याच्या ताटांत केक मांडत होत्या. कोची पेटी निळा रंग देऊन आणली होती. दाराची तार काढून तिथे चकचकीत कडी लावली होती, आणि गोणपाटाच्या जागी नवे हातमोजे. दूरून कारखान्यातून आल्यासारखी दिसत होती. बी-युनची पेटी बिनरंगाची, कपाटावर अजून शाळेचा अर्धा शिक्का.

आ-गेन निळ्या पेटीपुढच्या स्टुलावर बसायला निघाला तेव्हा बी-युन म्हणाली, "शेठ, सेवा तुमची ना? मग हात आ-गेनचे कसे? देव काय म्हणेल?"

"बरोबर आहे," चुआंग आजोबा म्हणाले. "सेवा स्वतःच्या हाताने."

कोला नाही म्हणता येईना. "मी लहानपणापासून हेच करत आलोय," म्हणत तो बसला. बी-युनने घरून दोन पांढऱ्या चादरी आणल्या होत्या. दोन्ही पेट्यांच्या मागे तिने त्या दोरीवर टाकल्या.

"हे कशाला?" कोने विचारलं.

"देवाच्या अंगणात घाण नको म्हणून."

दोन्ही पंप सुरू झाले. बी-युनने हात मोज्यांत घातले, पायाने कळ दाबली. आत मणी सुसाटले, ड्रॅगनच्या मिशीवरची काजळी उडून खालून पिवळं पितळ वर येऊ लागलं. ती काचेतून बघत होती, पण कान शेजारी होता.

निळ्या पेटीच्या कडीपासून आधी एक बारीक धार निघाली, तव्यावरच्या वाफेसारखी. मग मोज्यांच्या कडेने, मग काचेच्या खालून. कोने वाळू बदलली नव्हती. इतक्या वर्षांची सवय, कशाला बदलेल? थोड्याच वेळात केक मांडणाऱ्या बायकांनी ताटांवर पदर धरावा तसे ॲप्रन धरले. चुआंग आजोबांनी चहाच्या पेल्यावर हात ठेवला. पुढे बसलेली माणसं खोकत मागे सरकली. मागची चादर राखाडी होत चालली होती. बी-युनच्या मागची तशीच पांढरी.

कोने मान वळवली, पुन्हा समोर केली, श्वास धरून ठेवला. किती वेळ धरणार? शेवटी त्याने एक हात बाहेर काढला, जाकिटाच्या आत घातला आणि मास्क काढून तोंडाला लावला. साधा कागदी नव्हे. जाड रबराचा, दोन बाजूंना दोन गाळण्या असलेला, पट्ट्यांवर त्याच्या घामाचे जुने डाग.

बी-युनने कळ सोडली. आवारात एकच पंप वाजत राहिला, मग कोनेही कळ सोडली.

"मास्क कशाला, शेठ?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. "तुम्ही सिगारेट ओढता का?"

कोने नुसती मान हलवली.

"नाही ना? मग भीती कसली? मु-त्साईला तर सिगारेटने नेलं. तुम्हीच सांगितलंत, मांडवाच्या तोंडाशी उभं राहून. वाळूने काही होत नाही."

आ-गेन पुढे आला. त्याने कोच्या तोंडावरच्या मास्ककडे नीट पाहिलं. "हा मास्क मी कधी पाहिला नाही शेठ," तो म्हणाला. "आम्हाला रुमाल बांधायला सांगायचात."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, पण कोचं तोंड मास्कखाली बंदच राहिलं. त्याने तो काढला, हातात धरला, कुठे ठेवावा ते कळेना. घालावा तर कबुली, काढून काम करावं तर धूळ. तो तसाच स्टुलावरून उठला आणि गर्दीतून वाट काढत गेला. कुणी अडवलं नाही, कुणी वाटही चटकन दिली नाही.

बी-युनने आपला ड्रॅगन पुरा केला. चुआंग आजोबा म्हणाले, "सूनबाई, तो दुसराही करून टाक. देवाचं काम अर्धं ठेवू नये."

"यंदा नाही, आजोबा."

त्या सणाला एक ड्रॅगन झळझळीत आणि एक मानेपर्यंत पिवळा, पुढे काळा, असे बसले. जो येई तो विचारी आणि ज्याला विचारी तो सगळं सांगे. खांबावर कोचं नाव कोरायचं राहिलं. आ-गेनने त्याच आठवड्यात काम सोडलं. गल्लीतल्या इतर कारखानदारांनी बी-युनला कपाटं आणून दिली, आमच्याही पेट्या बांध म्हणून. आ-गेन तिच्याकडे पत्रा कापायला लागला. खोकला होताच, तो काही जाणारा नव्हता.

एक दिवस को तिच्या अंगणात आला. ती वेल्डिंग करत होती. तिने काम थांबवलं नाही, त्याला उन्हात उभं ठेवलं. वेल्डिंगची कांडी संपली, दुसरी लावली.

"माझ्याकडे कामाला आता दोनच बायका राहिल्यात," को शेवटी म्हणाला. "त्याही जातो म्हणतात. मला एक पेटी बांधून दे."

"नाही."

तो गेला नाही. आ-गेन कात्री खाली ठेवून हळूच म्हणाला, "वहिनी, त्यातली एक माझ्या चुलतभावाची बायको आहे. तिला दुसरीकडे कुणी घेत नाहीये. जाते म्हणते, पण जाणार कुठे? त्याला नाही म्हणालात तर धूळ ती खाणार."

बी-युनने डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवला. हे तिच्या हिशोबात नव्हतं. कोवर उगारलेला हात दुसऱ्याच कुणाच्या छातीवर पडणार होता. तिच्या मनात दया आली असं कुणाला वाटलं असेल तर ते चूक आहे.

"आत या," ती म्हणाली.

आत मु-त्साईचा फोटो होता. "सांगा त्याला. कशाने गेला ते."

को पुटपुटला.

"मोठ्याने. तुमच्या पंपाच्या आवाजाने त्याचे कान गेले होते."

"वाळूने," को म्हणाला. "माझ्या वाळूने गेलास तू."

"सिगारेटचं?"

"खोटं बोललो मी."

बी-युनने त्याच्याकडून ते आणखी एकदा म्हणवून घेतलं, दार उघडं ठेवून, अंगणातल्या आ-गेनला आणि शेजारच्या घरी भाजी निवडणाऱ्या बाईला ऐकू जाईल असं. मग त्याला पेटीचं माप विचारलं.

"आता तरी माफ केलंस ना?" जाता जाता कोने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पेटी पुढच्या आठवड्यात मिळेल."

तो गेल्यावर तिने शेवयांचं सूप केलं, दोन वाट्या आ-गेनला दिल्या, दोन स्वतः खाल्ल्या, आणि भर दुपारी पंखा लावून गाढ झोपली.